माथा ते पायथा : मराठवाड्यातील दुष्काळ आणि परदेशी सरकारची मदत

दुष्काळग्रस्त गावाला परक्या देशाच्या सरकारने केलेली मदत किती काळ टिकते, हे तिच्या रकमेवरून क्वचितच कळते. ती कोणत्या वाटेने गावात आली, कोणाच्या हाती पडली आणि तिच्या बदल्यात गावाने कोणते बंधन मान्य केले, यावरून ते अधिक नेमके कळते. मराठवाड्यात गेल्या सहा दशकांत अशी मदत कधी धान्याच्या, कधी यंत्रांच्या, तर कधी पैशाच्या रूपाने आली, आणि गावोगाव काम केलेल्या कार्यकर्त्यांचा अनुभव एकत्र ठेवून पाहिला तर सर्वांत खोलवर रुजलेली मदत ही सर्वांत सावकाश आलेली मदत होती, असे दिसते. येथील विवेचनाचा भर औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि जालना या भागातील पाणलोट विकासावर, आणि त्यातही जर्मन सरकारच्या निधीतून झालेल्या कामावर आहे.

चिकलठाणा हे औरंगाबादच्या पूर्वेचे, जालना रस्त्यावरचे मूळचे शेतकरी गाव. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि औद्योगिक वसाहत व विमानतळ यांमुळे ओळखले जाते. शहराच्या पावसाची आणि तापमानाची नोंद चिकलठाण्याच्या वेधशाळेत होत असल्यामुळे वर्तमानपत्रात छापून येणारा औरंगाबादच्या पावसाचा आकडा हा वस्तुतः चिकलठाण्याचा आकडा असतो. वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास भरते आणि कागदावर ती फार कमी वाटत नाही. परंतु या रस्त्याने पूर्वेकडच्या गावांत जाणाऱ्या कार्यकर्त्याला पहिल्याच एक-दोन हंगामांत समजते की सरासरीने शेत पिकत नाही. जूनमध्ये पेरणीजोगा पाऊस होतो, पीक फुलोऱ्यात येते आणि नेमका ऑगस्टमध्ये तीन-चार आठवड्यांचा खंड पडतो. किंवा एका गावावर ढग कोसळतो आणि शेजारच्या गावात धूळ उडत राहते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, म्हणजे डोंगराने पावसाळी वारे अडवल्यामुळे त्यांच्या आडोशाला राहिलेला हा प्रदेश आहे. त्यात जमिनीखालचा काळा कातळ, म्हणजे लाव्हारसाचे थर थिजून बनलेला बेसाल्ट, पाणी साठवून ठेवण्याच्या कामी फारसा उपयोगाचा नाही. पाणी मुरते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि हा साठा उथळ असल्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षीही कित्येक विहिरी होळीनंतर तळ दाखवू लागतात.

सरकारी व्यवहारात दुष्काळ ठरवण्याचे जुने साधन म्हणजे पैसेवारी. गावातील त्या हंगामाच्या पिकाचा उतारा प्रमाण उताऱ्याच्या तुलनेत रुपयात किती पैसे भरतो, हे पीककापणीच्या प्रयोगावरून काढले जाते आणि तो पन्नास पैशांच्या खाली गेला तर गाव टंचाईग्रस्त धरले जाते. ही पद्धत पीक गेल्यावरच बोलते. म्हणून पैसेवारीवर अवलंबून असलेली कोणतीही मदत, मग ती देशी असो वा परदेशी, नुकसान झाल्यानंतरच गावात पोचू शकते. माती वाहून जाण्याचे आणि विहीर आटण्याचे जे काम वर्षानुवर्षे चालू असते, त्याची दखल या मोजमापात कोठेच नसते.

१९७२चा दुष्काळ हा या प्रदेशाच्या स्मरणातला सर्वांत मोठा दुष्काळ होय, आणि त्या काळाविषयी वृद्ध माणसे बोलू लागली की सुकडी आणि मिलो हे दोन शब्द हमखास येतात. सुकडी हा लहान मुलांना आणि कामावरच्या मजुरांना वाटला जाणारा पौष्टिक कोरडा खाऊ होता, तर मिलो ही अमेरिकेतून आलेली तांबूस ज्वारी. मिलोची भाकरी नीट थापता येत नसे आणि ती घशाखाली उतरत नसे, ही तक्रार आजही ऐकू येते. पण तिच्यावर दिवस निघाले, हेही तीच माणसे सांगतात. येथे एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. साठच्या दशकात अमेरिकेचे धान्य ‘पी.एल. ४८०’ या कायद्याखाली, म्हणजे डॉलरऐवजी रुपयांत किंमत चुकती करण्याच्या सवलतीने येत असे. ही सवलतीची आयात १९७१च्या अखेरीस थांबली होती. त्यामुळे १९७२-७३मध्ये अमेरिकेतून आलेले धान्य बहुतांशी रोख खरेदीचे होते. १९७३मध्ये सोव्हिएत संघाने जे वीस लाख टन गहू दिले, तेही धान्यानेच परत करायचे कर्ज होते. गावाच्या आठवणीत जी गोष्ट परक्यांचे दान म्हणून राहिली, ती देशाच्या हिशेबवहीत खरेदी किंवा उसनवारी होती.

त्या दुष्काळात माणसे जगली ती मुख्यतः राज्य सरकारने काढलेल्या कामांमुळे. मे १९७३च्या सुमारास महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती अशी ती कामे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला याच काळात बळ मिळाले आणि पुढे तिचा कायदा होऊन तो २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. जगाच्या पाठीवर दुष्काळाशी झुंजण्याच्या इतिहासात हे फार मोठे काम आहे, आणि परदेशी मदतीचा विचार करताना त्याची मोठी सावली कायम ध्यानात ठेवावी लागते. मात्र पाणलोटाच्या कामाला पुढे आलेल्या कार्यकर्त्यांना त्याच दुष्काळात बांधलेले कित्येक पाझर तलाव आणि नालाबांध कोरडे किंवा गाळाने भरलेले आढळले. काम हजारो हातांना तत्काळ द्यायचे होते, त्यामुळे जागेची निवड मजुरांच्या सोयीने झाली होती. वरच्या उतारावर काहीच उपचार नसल्यामुळे दोन-चार पावसाळ्यांत माती वाहून येऊन तलाव भरून गेले होते. पुढच्या काळातील ‘माथा ते पायथा’, म्हणजे काम डोंगरमाथ्यापासून सुरू करून खाली उतरण्याच्या, नियमाचे महत्त्व गावकऱ्यांना पटवताना हे जुने तलाव फार उपयोगी पडले, कारण त्यांत साठलेला गाळ प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होता.

यंत्राच्या रूपाने आलेल्या मदतीचा एक महत्त्वाचा अध्याय जालन्याशी जोडलेला आहे, आणि तो तेथील लोकांनाही फारसा ठाऊक नाही. जालन्यातील स्कॉटलंडच्या चर्चच्या मिशनने साठच्या दशकात कठीण खडकात विंधन विहिरी घेण्याचे काम हाती घेतले. विंधन विहीर म्हणजे यंत्राने छिद्र पाडून केलेली अरुंद, खोल विहीर. बोलीभाषेत तिला बोअर म्हणतात. १९६७मध्ये बिहारच्या दुष्काळाच्या निमित्ताने युनिसेफने अशी वेधन यंत्रे भारतात आणली आणि पुढे विविध देशांच्या सरकारांच्या देणग्यांतून, विशेषतः स्वीडनच्या पाठबळावर, हे काम वाढले. बोअर पडले, पाणी लागले, परंतु त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते. दिवसभर सगळे गाव त्यांवर पाणी भरू लागल्यावर दांडीचे सांधे झिजून ते मोडून पडत. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातील बहुतांश हातपंप बंद असल्याचे आढळले. यावर पहिली मजबूत उत्तरे महाराष्ट्रातच निघाली, ती जालना पंप आणि सोलापूर पंप या नावांनी ओळखली जातात. सोलापूर पंपात दांडी साखळीने जोडलेली असल्यामुळे आतली सळई सरळ उभ्या रेषेत ओढली जाई आणि झीज कमी होई. याच मांडणीवरून युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रूडास ही कंपनी यांच्या सहकार्याने, कोईमतूर भागात चाचण्या घेऊन, ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला आणि भारताबाहेरच्याही अनेक देशांत गेला. मराठवाड्यातील गावकुसाबाहेरचा हापसा हा त्याच वंशातला.

या अध्यायातून मिळणारा अनुभव द्विधा आहे. हापशाने बायांची मैलोन्मैल पायपीट कमी केली, आणि ज्या वस्त्यांना गावच्या आडावर पाणी भरू दिले जात नव्हते त्यांच्या दारात पाणी आणले. हे दुसरे काम कोणत्याही अहवालातील आकड्यापेक्षा मोलाचे आहे. परंतु खडक फोडण्याचे जे तंत्र पिण्याच्या पाण्यासाठी आले, तेच नंतर खासगी गाड्यांवर चढून शेताशेतात पोचले आणि भूगर्भातला उथळ साठा संपल्यावर आणखी खोलात जाऊ लागले. यंत्र देणाऱ्यांनी ते कसे चालवायचे आणि कसे दुरुस्त करायचे हे शिकवले. किती उपसायचे, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्याच मनात आला नव्हता.

१९९२मध्ये सुरू झालेला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम हा या सर्वांपेक्षा वेगळ्या विचाराचा होता. पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रावर पडलेले पावसाचे पाणी एकाच ओढ्यात किंवा नाल्यात उतरून एकाच वाटेने बाहेर पडते ते क्षेत्र. डोंगरमाथ्यापासून नाल्याच्या तोंडापर्यंत असे सगळे क्षेत्र एकत्र धरून, पाणी आणि माती जागच्या जागी थोपवण्याचे काम म्हणजे पाणलोट विकास. कार्यक्रमाच्या मुळाशी हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंचे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दीर्घकाळाचे काम होते. निधी जर्मन सरकारच्या मालकीच्या ‘केएफडब्ल्यू’ या विकास बँकेकडून येई. ही बँक १९४८मध्ये युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीची उभारणी मार्शल योजनेच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या, मदतीतून करण्यासाठी स्थापन झाली होती. परक्या मदतीवर उभा राहिलेला देश दुसऱ्याला मदत करताना तिच्या अटींकडे इतक्या बारकाईने का पाहत असे, याचे उत्तर कदाचित या इतिहासात असावे. प्रशिक्षणाचा भाग ‘जीटीझेड’ या जर्मन तांत्रिक सहकार्य संस्थेच्या साहाय्याने चाले. ती जबाबदारी प्रामुख्याने १९९३मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉटर’ या संस्थेने उचलली, आणि प्रत्यक्ष कामाचा निधी राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेमार्फत, म्हणजे नाबार्डमार्फत, गावाकडे जाई.

पैशाची ही वाट हाच या कार्यक्रमाचा कणा होता. गावाने ग्रामसभेत ग्राम पाणलोट समिती निवडायची, समितीचे खाते बँकेत उघडायचे, स्थानिक स्वयंसेवी संस्थेने तांत्रिक साथ द्यायची आणि मजुरी त्या खात्यातून निघायची. यात ठेकेदार नव्हता. ज्या गावांत सरकारी काम म्हणजे बाहेरून येणारी यंत्रे आणि बाहेरच राहणारा हिशेब असा समज पक्का झाला होता, तेथे हजेरीपट आपल्याच शाळेच्या भिंतीवर लावायचा आहे ही गोष्ट माणसांना आधी खरीच वाटत नसे. कार्यकर्त्यांचा बराचसा काळ चर खणण्यात नव्हे, तर समितीच्या सदस्यांना मापन-पुस्तिका वाचायला शिकवण्यात गेला. खणलेल्या चराची लांबी, रुंदी आणि खोली टेपने मोजून त्याचे घनमीटर काढायचे, त्यावरून मजुरी ठरवायची आणि ती सर्वांसमोर वाचून दाखवायची. हे काम एकदा अंगवळणी पडले की त्या गावात पुढच्या प्रत्येक सरकारी कामाचे माप विचारले जाऊ लागे.

कार्यक्रमाचे दोन टप्पे होते. पहिला क्षमता-बांधणीचा. त्यात गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवायची आणि शिवाराच्या एका छोट्या तुकड्यावर सर्व उपचार स्वतः करून पाहायचे. तो एक ते दीड वर्ष चाले, आणि त्यात गाव उतरले तरच दुसरा, पूर्ण अंमलबजावणीचा टप्पा मंजूर होई. दुष्काळाच्या तोंडावर उभ्या असलेल्या गावाला दीड वर्ष थांबायला सांगणे हे वरवर पाहता क्रूर वाटते, आणि कार्यकर्त्यांनाही ते वाटले. शेजारच्या गावात दुसऱ्या योजनेतून महिन्याभरात सिमेंटचा बंधारा उभा राहत असे आणि इकडे अजून बैठकाच चालू असत. परंतु या थांबण्यातच निवड होत असे. पैशासाठी एकत्र आलेली समिती या काळात फुटे, आणि उरलेली माणसे कामासाठी उरत. परदेशी सरकारच्या मदतीला एरवी वर्षअखेरीस पैसा संपवण्याची घाई असते. या कार्यक्रमाने गावाला वेळ दिला, आणि बांधांपेक्षा, रोपांपेक्षा ही देणगी मोठी होती, असे ठामपणे म्हणता येते.

शिवारफेरी हा या कामातला सर्वांत जिवंत भाग. कार्यकर्ता, समितीचे सदस्य आणि त्या त्या गटाचे मालक असे सगळे मिळून प्रत्येक गटक्रमांकावर प्रत्यक्ष जात. उतार किती, मातीची खोली किती, कोठे ओघळ पडली आहे, मालकाला काय हवे आहे, याची नोंद तेथेच नकाशावर होई. नवरा आणि बायको दोघांनीही बांधावर हजर असावे, असा आग्रह धरला जाई. कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबते आणि कोणत्या बांधावरची माती दरवर्षी खचते, हे अनेक ठिकाणी बाईच अचूक सांगत असे, कारण निंदणी-खुरपणीला तीच तेथे असते. या फेरीनंतर माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवर खणलेले सलग चर, त्याखाली शेतांत बांधबंदिस्ती, ओघळींत दगडी बांध आणि जाळीचे बंधारे, आणि शेवटी नाल्यावर मातीचे किंवा सिमेंटचे बांध, असा क्रम ठरे.

हा क्रम तांत्रिक आहे, पण गावात त्याचा अर्थ सामाजिक होतो. खालच्या बाजूला, नाल्याकाठी, काळी कसदार जमीन असते आणि ती बहुधा गावातल्या वजनदार घरांची असते. त्यांना पहिल्याच वर्षी आपल्या विहिरीजवळ बंधारा हवा असतो. माथ्यावर बरड असते, तेथे गरिबांची शेते, वनखात्याची जमीन आणि गायरान असते. माथ्यापासून सुरुवात करायची म्हणजे पहिला पैसा आणि पहिली मजुरी बरडावर खर्च करायची. हा नियम देणाऱ्या सरकारने अट म्हणून घातल्यामुळे कार्यकर्त्याला गावातल्या दबावासमोर टिकून राहता आले. बाहेरची अट ही नेहमीच गावाच्या स्वातंत्र्यावर घाला असते असे नाही, कधी कधी ती दुबळ्या बाजूचा आधार होते.

पण याच माथ्यावर कार्यक्रमाची सर्वांत अवघड बाजूही उघडी पडली. गाव निवडीच्या अटींत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी होत्या, म्हणजे झाडतोड थांबवायची आणि मोकाट जनावरे सोडायची नाहीत. गवत आणि रोपे वर यायची असतील तर या बंदीला पर्याय नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत उघड्या टेकडीवर गुडघाभर गवत आलेले पाहून विरोधकही निवत. मधल्या त्या दोन-तीन पावसाळ्यांत शेळीवाल्याने काय करायचे, हा प्रश्न मात्र बैठकीत सर्वांत शेवटी येई. ज्याच्याकडे जमीन आहे तो बांधावरचे गवत कापून गाय दावणीला चारू शकतो. भूमिहीन बाईच्या चार शेळ्या गायरानावरच जगतात. मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न आणखी खोल आहे, कारण दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून दलित कुटुंबांनी गायरान कसण्याचा हक्क मागितला आहे आणि कित्येक गावांत ती कुटुंबे ते पिढ्यान् पिढ्या कसत आली आहेत. अशा जमिनीवर सलग चर आखणे म्हणजे कोणाच्या तरी ज्वारीच्या ताटांतून दोरी ओढणे. काही गावांत समितीने कसणारे कुटुंब ‘अतिक्रमणधारक’ असल्याचे सांगून प्रश्न मिटवला. काही गावांत कार्यकर्ते अडून बसले, कसणाऱ्यांना समितीत घेतले आणि चर त्यांच्याच संमतीने वळवले. दुसऱ्या प्रकारच्या गावांत काम सावकाश झाले आणि टिकले.

श्रमदानाचाही असाच पेच होता. मजुरीच्या खर्चाचा एक ठरावीक हिस्सा गावाने श्रमाच्या रूपाने द्यायचा, अशी अट होती. तिच्यामागचा हेतू चांगला होता, कारण फुकट मिळालेल्या बांधाची डागडुजी कोणी करत नाही. परंतु व्यवहारात कित्येक ठिकाणी हा हिस्सा रोजंदारीवर आलेल्या मजुरांच्या पगारातून परस्पर वळता होई. चर खणणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बाया असत, त्यांतल्या कित्येकींच्या नावावर गुंठाभरही जमीन नसे, आणि खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी यावे म्हणून मजुरीचा भाग त्या सोडून देत. एखाद्या बैठकीत कोणी बाई उठून ‘बांध त्यांचा, श्रमदान आमचं?’ असे विचारी, आणि त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच होते. ज्या संस्थांनी ते मान्य केले, त्यांनी श्रमदान जमीनधारणेच्या प्रमाणात लावले किंवा जमीनमालकाकडून रोख घेतले. जॉन केर आणि त्यांचे सहकारी गणेश व वसुधा पानगरे यांनी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातील पाणलोट प्रकल्पांचा जो तुलनात्मक अभ्यास केला आणि जो २००२मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही लोकसहभागाच्या प्रकल्पांचे काम निव्वळ सरकारी प्रकल्पांपेक्षा सरस असल्याचे, पण त्याचा भार काही ठिकाणी भूमिहीन आणि पशुपालक यांच्यावर पडल्याचे नोंदवले आहे. क्षेत्रात काम केलेल्यांना हा निष्कर्ष नवा नव्हता, मात्र तो छापून आल्यामुळे बैठकांत त्याचा दाखला देता येऊ लागला.

चिकलठाण्याच्या परिसरात या विचाराची पेरणी जर्मन निधी येण्याच्या आधीच झाली होती. औरंगाबाद तालुक्यातील आडगाव येथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने ऐंशीच्या दशकात पाणलोटाचे काम उभे केले होते, आणि ते पाहायला दूरदूरचे लोक येत. हेच मंडळ आणि जालन्याजवळील खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी पुढे जालना तालुक्यातील कडवंची येथे भारत-जर्मन कार्यक्रम राबवला. काम १९९६च्या सुमारास सुरू झाले. परदेशी मदतीचे यश ती येण्यापूर्वी त्या भागात किती माणसे तयार झाली होती यावर अवलंबून असते, याचे कडवंची हे ठळक उदाहरण आहे. जर्मनीतून माणसे येत ती पाहणीला; बांध कोठे घालायचा हे ठरवण्याची समज आडगावच्या मातीत तयार झालेली होती.

कडवंचीचा पुढचा इतिहास मराठवाड्यातील शेतकऱ्यांना परिचित आहे. विहिरींचे पाणी टिकू लागले, ज्वारी-बाजरीच्या जागी हळूहळू द्राक्षबागा आल्या, प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेकडो शेततळी शिवारात दिसू लागली. २०१२-१३मध्ये जालना जिल्हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता, चारा छावण्या आणि टँकर हेच गावोगावचे दृश्य होते, तेव्हा कडवंचीच्या शेतकऱ्यांनी शेततळ्यांतल्या साठ्यावर बागा वाचवल्या. हे यश खरे आहे आणि ते कष्टाचे आहे. बाहेरचा पैसा थांबल्यानंतर कित्येक वर्षांनी ते दिसले, यातच त्याची किंमत आहे.

तरीही या यशाकडे पाहताना एक प्रश्न बाजूला सारता येत नाही. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाणी मुरत नाही. मराठवाड्यात अशी बरीच तळी पावसाळ्यात विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरली जातात. म्हणजे सर्वांच्या श्रमाने जमिनीत मुरवलेले पाणी एकाच्या तळ्यात साठते, आणि त्यातले बरेचसे उन्हाने उडूनही जाते. पाणलोट कार्यक्रमाने पाणी अडवण्याचे आणि जिरवण्याचे नियम गावाला दिले, पण ते वर काढण्याचे नियम दिले नाहीत. अहमदनगर जिल्ह्यातील हिवरेबाजार या गावाने शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून पिके ठरवण्याचा नियम स्वतः केला, तो कोणत्याही परदेशी अटीतून आलेला नव्हता. त्याही आधी, १९७२च्या दुष्काळातून, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाऐवजी कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवला होता आणि भूमिहीनांनाही वाटा दिला होता. म्हणजे उपशाच्या आणि वाटपाच्या नियमांची उदाहरणे महाराष्ट्रातच उपलब्ध होती. निधी देणाऱ्यांनी आणि राबवणाऱ्यांनी ती चराईबंदीइतक्याच आग्रहाने अटींत घेतली असती, तर आजच्या गावांचे चित्र वेगळे असते. चराईबंदीची अट घालणे सोपे होते, कारण तिचा जाच दुबळ्यांना होता; उपशाची अट द्राक्षबागायतदारापर्यंत जाऊन भिडली असती.

या काळात भारत सरकारचे परदेशी मदतीविषयीचे धोरणही बदलत गेले. २००३मध्ये केंद्र सरकारने मोजके मोठे देश आणि युरोपीय संघ वगळता इतर देशांची थेट सरकारी मदत घेणे बंद करण्याचे ठरवले, आणि २००४च्या त्सुनामीनंतर आपत्तीच्या वेळी परक्या सरकारांची मदत न मागण्याची रीत पडली. वगळलेल्या मोजक्या देशांत जर्मनी असल्यामुळे तिचा निधी चालू राहिला. औरंगाबाद, अहमदनगर आणि पुणे या जिल्ह्यांत ‘आपलं पाणी’ ही ग्रामीण पेयजल योजना याच ‘केएफडब्ल्यू’च्या साहाय्याने राबवली गेली, आणि तिच्यातही गाव समितीने खर्चाचा वाटा उचलण्याची अट होती. त्यानंतर बाहेरचा पैसा प्रामुख्याने कर्जाच्या रूपाने येऊ लागला. २०१८पासून जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला शेतकरी ‘पोकरा’ म्हणतात, त्यात मराठवाड्यातील गावे मोठ्या संख्येने आहेत. परंतु त्याचा बराच भाग वैयक्तिक लाभाचा, म्हणजे ठिबक, शेततळे, फळबाग यांसाठी शेतकऱ्याच्या खात्यात थेट येणाऱ्या अनुदानाचा आहे. संपूर्ण शिवार एकत्र धरून माथ्यापासून उतरण्याची जी शिस्त होती, ती या पद्धतीत टिकवणे कठीण आहे.

जर्मन कार्यक्रमाचा सर्वांत दूरगामी परिणाम एका देशी निधीच्या रूपाने झाला. त्याच्या अनुभवावरून १९९९-२०००मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी शंभर कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी उभारला, आणि क्षमता-बांधणीचा आधीचा टप्पा, ग्राम पाणलोट समितीचे खाते, श्रमदान आणि माथा ते पायथा हा क्रम अशी सगळी चौकट इतर राज्यांतही गेली. परक्या पैशाने एक पद्धत तयार व्हावी आणि पुढे तीच पद्धत देशाने स्वतःच्या पैशाने चालवावी, असे क्वचितच घडते.

काम संपलेल्या गावांत आज पुन्हा गेलेल्या कार्यकर्त्याला माथ्यावरचे चर बहुतेक ठिकाणी गाळाने भरलेले आणि गवताखाली बुजलेले आढळतात; ते तसे व्हावेत हीच अपेक्षा होती, कारण गाळ तेथे अडला याचा अर्थ तो खाली गेला नाही. नालाबांधांचे मात्र तसे नाही. त्यांतला गाळ काढावा लागतो, सांडवा, म्हणजे जादा पाणी बाजूने काढून देणारी वाट, दुरुस्त करावी लागते, आणि यासाठी समितीच्या नावावर देखभाल निधी ठेवण्याची तरतूद कार्यक्रमात होती. काही समित्यांनी तो निधी व्याजासह जपला आणि दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढला. काढलेला गाळ कोणाच्या शेतात टाकायचा यावरून वाद झाले, आणि काही गावांनी पहिला हक्क बरडावरच्या लहान शेतकऱ्याला दिला. इतर ठिकाणी समितीचे सदस्य बदलले, सह्या करणारे दोघे वारले किंवा शहरात गेले, आणि खाते तसेच पडून राहिले. चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या तरुणांत या गावांतली मुले मोठ्या संख्येने आहेत. शिवारफेरीच्या वेळी त्यांच्या आई-वडिलांनी सांगितलेले गटक्रमांक आणि ओघळींच्या खुणा समितीच्या कपाटातल्या नकाशांवर अजून आहेत, आणि बंद पडलेली खाती पुन्हा चालू करायची असतील तर नव्या सह्या याच मुलांच्या घ्याव्या लागणार आहेत.